गांडूळमामा आणि दहा कॅन फिनाइल

विद्यापीठाच्या भांडारात मी बावीस वर्षं आहे. खडू, झाडू, बल्ब, कुलपं, बादल्या, फिनाइल, इथं कुणाच्याही हातात जे दिसतं ते आधी माझ्या खिडकीतून गेलेलं असतं. त्यामुळे कुठल्या विभागात काम किती आणि सोंग किती, ते मला कुणी सांगायची गरज नाही. मागणीचिठ्ठ्या सगळं सांगतात.

गेली चार वर्षं सोंगाचं नाव आहे हरित परिसर. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून हिरव्या रंगाचे चोवीस डबे नेले आणि कुंपणापासून पहारेकऱ्याच्या खुर्चीपर्यंत सगळं रंगवून काढलं. दुसऱ्या वर्षी मोठ्या फाटकाजवळची हिरवळ उपटली आणि तिथं प्लास्टिकची आणून चिकटवली, कारण फोटोत खरी पिवळी दिसते म्हणे. मग पाच रंगांच्या कचरापेट्या आल्या. मुलं बिचारी वाचून वाचून कागद निळ्यात आणि सालं हिरव्यात टाकायची, आणि सकाळी एकच गाडी येऊन पाचही पेट्या एकाच पोटात रिकाम्या करायची. हरित कक्षाचं स्वतःचं ऑफिस तर बघण्यासारखं आहे. भर दुपारी पडदे ओढलेले, सगळे दिवे लागलेले आणि एसी इतका गार की तिथली टायपिस्ट उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते. भिंतीवर पाटी, 'वीज वाचवा'. त्या पाटीचे खिळेसुद्धा माझ्याकडूनच गेलेत. मला या सगळ्याची शिसारी येते, आणि ती मी लपवतही नाही.

या अख्ख्या आवारात खरं हरित काम करणारा माणूस एकच होता आणि त्याला कक्षात कुणी खुर्चीसुद्धा देत नसे. मुलं त्यांना गांडूळमामा म्हणायची. आम्ही नुसतं मामा.

मामा इथं आले ते वसतिगृहाचा पाया खणायला. इमारत उभी राहिली, बाकीचे मजूर गेले, मामा राहिले. मेसचं गटार तुंबलं की उपसायचं, हे त्यांचं काम. अंगानं बारीक, पाठीत जरासे वाकलेले, बोलणं कमी आणि बोलले तर समोरच्याला गप्प करणारं. बस डेपोच्या मागं दोन खोल्यांत राहतात. बायको शाळेचे गणवेश शिवते, दिवसभर मशिनवर. एक मुलगी, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिचं लग्न झालंय. सासरी ती सांगते, बाबा विद्यापीठात बागकामावर आहेत. मामांनी हे मला स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाले, "रक्त काढते ती चालते, खत काढतो तो नाही चालत. असू दे." मला त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

बारा वर्षांपूर्वी वनस्पतीशास्त्राच्या एक मॅडम निवृत्त होताना मामांना कुंडीभर गांडुळं देऊन गेल्या. मेसचं उष्टं गटारात जायचं आणि गटार तुंबायचं, हे मामा रोज बघत होते. त्यांनी मेसच्या मागे विटांचे तीन खड्डे बांधले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर समिती नेमली असती.

सुरुवातीला मीच नाक मुरडलं होतं. एक दिवस त्यांनी चाळणी मागायला येऊन माझ्या खिडकीवर ओंजळभर गांडुळं ठेवली, वळवळणारी, लाल. मी खुर्चीसकट मागे सरकले. मामा म्हणाले, "ताई, घाबरू नका. ही आपल्या स्टाफपेक्षा जास्त काम करतात आणि रजा मागत नाहीत." चाळणी मी देऊन टाकली. ती कशाला, ते बघायला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागे गेले.

मामा उष्टं आधी चाळणीत घालून पाण्यानं धुवायचे. मीठ आणि तेल गांडुळांना पोळतं म्हणे. लिंबाची सालं आणि कांदे वेगळे काढायचे. मग सुका पाला आणि शेण मिसळून पहिल्या खड्ड्यात तीन आठवडे नुसतं ठेवायचं. तो ढीग आतून तापतो. मामा रोज सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "अजून ताप आहे," म्हणायचे, आणि आणखी दोन दिवस थांबायचे. ताप उतरला की मगच तो माल गांडुळांच्या दोन खड्ड्यांत जायचा, वर ओली पोती. थर्मामीटर देऊ का विचारलं तर म्हणाले, "तुमच्या आईनं तुमच्या कपाळाला काय लावलं होतं?" आणि वास? ओल्या पोत्याचा येतो तेवढा. मी तिथं बसून डबा खाल्लेला आहे, उगाच सांगत नाही.

अकरा वर्षं हे चाललं. आवारातली झाडं, कुलगुरूंच्या बंगल्यातले गुलाब, सगळे मामांच्या खतावर. गुलाबांचं बक्षीस बंगल्याच्या माळ्याला मिळालं. मामा हसले नुसते.

आता मुद्द्यावर येते. मामांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं आणि त्यांना एकच घोर लागलेला, आपल्यामागे खड्ड्यांचं काय. हे काम पुस्तकात वाचून जमत नाही, हात घालून शिकावं लागतं, आणि शिकायला माणूस हवा. तीन वर्षं ते माणूस मागत होते. अर्ज द्यायचे, अर्ज जिथं जायचा तिथं जायचा. त्यातच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की मेसच्या मागची जागा विजेच्या गाड्यांच्या पार्किंगला चांगली आहे. म्हणजे अकरा वर्षांचा जिवंत खड्डा बुजवायचा, वर सिमेंट ओतायचं आणि त्याला म्हणायचं हरित पार्किंग. असला माज मी जन्मात बघितला नाही.

तेवढ्यात बाहेरून तपासणी समिती येणार असं पत्र आलं. आवार पर्यावरणपूरक आहे की नाही, ते बघून गुण देणार. हरित कक्षाचे प्रमुख आहेत संख्याशास्त्राचे एक सर. मुलं त्यांना हिरवळ सर म्हणतात, कारण प्लास्टिकची हिरवळ त्यांचीच. त्यांना तेव्हा पहिल्यांदा मामांची आठवण झाली. स्वतः मेसच्या मागे आले, रुमाल नाकाला लावून, आणि म्हणाले, "मामा, समितीनं तुमचा प्रकल्प पसंत केला तर पार्किंग रद्द. वर पक्की शेड आणि तुमच्या हाताखाली माणूस. मी लिहून देतो."

मामा त्या दिवशी खिडकीवर आले ते चेहरा उजळून. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "ताई, एक नवं टोपलं मिळेल का? पाहुण्यांना गांडुळं दाखवायची, तर जरा बरं दिसेल." मी त्यांना दोन दिली.

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी कुलसचिव साहेब पाहणीला निघाले. मेसच्या मागे पोचले आणि नाक धरलं. वास होताच. पण कुठला? दोन वर्षांपूर्वी फीत कापून सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय तिथं, खड्ड्यांपासून वीस पावलांवर. दुसऱ्याच महिन्यात त्याची मोटर जळाली. दुरुस्तीची चिठ्ठी अजून माझ्या फायलीत आहे, मंजुरीची वाट बघत. तेव्हापासून वसतिगृहाचं सगळं घाण पाणी त्या यंत्राला वळसा घालून उघड्या नाल्यात पडतं आणि सडतं. मामांनी साहेबांना सांगितलं, "साहेब, वास नाल्याचा आहे. खड्ड्यात हात घालून बघा, हात हुंगा." साहेब दोन पावलं मागे सरकले. हिरवळ सरांना म्हणाले, "उद्या इथं वास येता कामा नये. काय ते बघा." यंत्र बंद आहे हे साहेबांना माहीत होतं. पण यंत्राची पाटी त्यांच्या नावाची, आणि खड्डे कुणाचे, तर मामांचे.

दुपारी तीनला मामांना सभागृहात बोलावलं. उद्याची तालीम होती. हिरवी टोपी घालायची, पाहुण्यांना नमस्कार करायचा, विचारलं तरच बोलायचं. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला त्यांनी दोन तास उभं राहायला शिकवलं.

आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना माझ्या खिडकीवर सफाई कंत्राटदाराचा मुकादम चिठ्ठी घेऊन आला. फिनाइल, पाच लिटरचे दहा कॅन. कारण, परिसर स्वच्छता. खाली हिरवळ सरांची सही.

दहा कॅन म्हणजे सगळ्या वसतिगृहांच्या संडासांना महिनाभर पुरतील इतके. मी विचारलं, "एवढं कुठं लागतंय?"

"मेसच्या मागं," तो म्हणाला.

"मेसच्या मागं कुठं? नाल्यात ना?"

"वास येतो तिथं सगळीकडं मारा म्हणालेत. नाल्यात, खड्ड्यात."

मी ऐकलं. नीट ऐकलं. बहिरी नाही मी. शिक्का उचलला आणि मारला. पाच दहाची बस चुकली तर पुढची साडेसहाला. शिवाय सही बरोबर होती, चिठ्ठी नियमात होती, आणि मनात म्हटलं, मामा बघतील काय ते. मामा कुठे आहेत हे मला माहीत होतं. त्यांना टोपी घालून सभागृहात उभं केलंय हे मला दुपारीच कळलं होतं. हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण बाकीच्यांची लाज काढायची आणि स्वतःची झाकायची, हे मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडार उघडत होते तर मामा आले. धावत आले असावेत, धाप लागली होती. "ताई, लांब पाइप द्या," एवढंच बोलले. मी पाइप घेऊन त्यांच्यामागे गेले.

पोती बाजूला काढलेली होती. गांडुळं सगळी वर आली होती. जीव वाचवायला वर आली, विटांवर चढली आणि तिथंच मेली. खड्ड्याच्या कडेनं त्यांचा पांढुरका थर पडला होता. माती दुधट ओली, आणि डोळ्यांतून पाणी येईल असा फिनाइलचा भपकारा. मामा आत उतरले, गुडघ्यांवर बसले आणि तळातली माती उकरायला लागले, ओंजळ काढायची, बोटांनी पसरायची, बघायची, टाकायची. मी पाणी सोडत होते. कोपरे उकरले, विटांच्या सांध्यांतली माती काढली. अर्धा तास. एकही हललं नाही. मग ते थांबले आणि हात तसेच मातीत ठेवून बसून राहिले.

हिरवळ सर आले ते घड्याळ बघत. मामांनी विचारलं, "कुणी ओतलं?"

सर म्हणाले, "अहो, पण हे साधं फिनाइल नाही. आपण मुद्दाम पर्यावरणपूरक घेतो." खरंच तसं होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच शिफारशीवरून मी ते मागवायला लागले होते. कॅनवर हिरवं पान छापलंय. त्या पानाकडे बोट दाखवून, डॉक्टरेट मिळवलेला तो माणूस मामांना समजावत होता, "यानं गांडुळांना काही व्हायला नको." शपथेवर सांगते, त्याला मनापासून तसं वाटत होतं.

मामा म्हणाले, "सर, तुम्ही एक झाकण पिऊन बघा."

पण वेळ नव्हता. समिती फाटकाशी पोचली होती. सरांनी माणसं लावून मेलेला थर खरडून काढला, वर बाजारातून आणलेल्या खताच्या चार गोण्या पसरल्या, त्यावर कोरी पोती. मामांच्या डोक्यावर टोपी ठेवली. मला म्हणाले, तुम्ही जा. मी गेले नाही. नळाजवळ उभी राहिले.

समितीत तिघे होते. सगळ्यात वयस्क गृहस्थ खड्ड्यापाशी थांबले, एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "वा. इतक्या ठिकाणी फिरतो आम्ही, पण इतका स्वच्छ वास कुठे आला नाही. अगदी दवाखान्यासारखं ठेवलंय." बाकीच्या दोघांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "गांडुळं कुठे आहेत?"

"खाली असतात, सर," हिरवळ सर लगेच म्हणाले. "उजेडाला लाजतात."

गृहस्थ मामांकडे वळले. "काय मामा, किती असतील?"

मामांनी टोपी काढली. एका बाजूला शेड होती, हाताखाली माणूस होता, पार्किंग रद्द होतं. हे सगळं त्यांच्या तोंडून निघणाऱ्या एका आकड्यावर होतं, आणि त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "एकही नाही साहेब. काल होती. रात्रीतून मेली. यांनी औषध ओतलं."

गृहस्थांनी सरांकडे बघितलं. मग हिरवळ सर मोठ्यानं हसले. "आमचे मामा फार विनोदी आहेत. मुलांचे लाडके आहेत ते." गृहस्थही हसले. मामांच्या खांद्यावर थाप मारली, त्यांच्याबरोबर फोटो काढला आणि पुढे गेले. चहा थांबला होता ना त्यांच्यासाठी. मला तेव्हा पुढे होऊन म्हणता आलं असतं की मामा खरं बोलतायत, फिनाइल मी दिलंय. मी मूग गिळून नळाशी उभी राहिले. विद्यापीठाला त्या प्रकल्पाचे पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सरांनी दिलेला शब्द पाळला, हे मात्र कबूल करायला हवं. पार्किंग रद्द झालं. पक्की शेड झाली, मामांचा मोठा फोटो लागला, त्यात ते टोपी हातात धरून उभे. हाताखाली माणूसही आला, कंत्राटदाराचा. त्याला शिकवायला खड्ड्यात काही नव्हतं. मामांनी नवी गांडुळं आणायची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, प्रकल्प नमुनेदार ठरलेला आहे, त्यात बदल करू नये. समितीच्या अहवालात स्वच्छ वासाचं खास कौतुक होतं. म्हणून कक्षानं कामाची पद्धत लेखी ठरवून दिली. तीत एक कलम, दर महिन्याच्या एक तारखेला खड्ड्यांवर पर्यावरणपूरक फिनाइल, दहा कॅन. मेसचं उष्टं पुन्हा गाडीत जायला लागलं, काळ्या पिशव्यांतून. पिशव्या मीच देते.

पहिले काही महिने चिठ्ठी मुकादमच आणायचा. मी शिक्का मारायचे. काय करणार, सही बरोबर असायची.

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मुकादम रजेवर होता. एक तारखेला खिडकीत सावली आली, बघते तर मामा. चिठ्ठी त्यांच्या हातात. गांडूळ खत प्रकल्पाकरिता, फिनाइल, दहा कॅन. त्यांनी ती खिडकीवर ठेवली आणि तिच्यावरचा हात काही काढला नाही.

"ताई, एक विचारू? त्या दिवशीची चिठ्ठी तुमच्याकडेच आली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"कुठं ओतणार, ते ठाऊक होतं?"

बावीस वर्षांत मला इतकं साधं कुणी काही विचारलं नव्हतं. "होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. राग असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. भांडारातून तुमच्याशिवाय कोण देणार. मग आज देऊ नका."

माझ्या पाठीमागे कॅनची थप्पी छतापर्यंत लागलेली होती, प्रत्येकावर हिरवं पान. मामांना ती खिडकीतून दिसत होती. मी पेन उचललं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'शिल्लक नाही'. खाली सही केली. देत नाही, असं लिहायचं होतं. ते लिहायची हिंमत झाली नाही.

मामांनी चिठ्ठी वाचली, थप्पीकडे एकदा बघितलं आणि कागद घडी करून खिशात घातला. "पुढच्या एक तारखेला मी नसेन," ते म्हणाले. "नवा माणूस येईल. त्यालाही हेच लिहून द्याल?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या तापलेल्या ढिगात हात घालून पाहायचे तसं, आणि निघून गेले.

काल एक तारीख होती. मी दहा कॅन दिले.